मी आठवडाभर माउंट युनियन होतो

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवला आणि मला रात्रभर झोप लागली नाही. "आई, तू दर शनिवारी तेच विचारतेस," एवढंच म्हणालास आणि लगेच "जाऊ दे" म्हणून जेवणाचं विचारायला लागलास. तेच म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. "आज खेळलास का रे?" गेले दोन सीझन तू कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये आहेस आणि मी दर शनिवारी संध्याकाळी हा एकच प्रश्न विचारत आले. आधी तू "नाही गं, पण पुढच्या वेळी" म्हणायचास. मग नुसतं "नाही" आलं. आणि परवा म्हणालास, की सोडून द्यावंसं वाटतंय, खेळायला मिळतच नाही तर उपयोग काय.

फोनवर मी गडबडले. काहीतरी अभ्यासाबद्दल बोलले, ते विसर. जे बोलायचं होतं ते इथे लिहितेय. मराठीत लिहितेय, त्यामुळे तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे. २००३च्या ऑगस्टमध्ये आम्ही मिनेसोटातल्या सेंट क्लाउडला आलो. तुझ्या बाबांना नोकरी होती, मला एच-४ व्हिसा होता. त्यावर तेव्हा काम करता यायचं नाही. गाडी चालवता येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. बाबा सकाळी सातला गेले की मी खिडकीत बसायची आणि समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजायची. खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास, नवरा वारलेला, सगळी हयात शेतावर गेलेली. त्या भागात जर्मन वंशाची कॅथलिक घरं खूप, त्यातलंच त्यांचंही. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी त्यांनी दार वाजवलं. हातात दोन ब्लँकेटं आणि एक थर्मास. म्हणाल्या, माझा नातू फुटबॉलच्या टीममध्ये आहे, एकटीला जायचा कंटाळा येतो, येतेस का?

मी गेले. त्यानंतर त्या सीझनमधला घरचा एकही सामना मी चुकवला नाही. हे तुला मी कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तेही पुढे येईल.

सामने व्हायचे ते जवळच्या कॉलेजव्हिलला. ते तू पाहिलं आहेस, पण हायवेवरून जाताना. सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी म्हणजे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आणि त्याच्याभोवती उभं राहिलेलं मुलांचं कॉलेज. मठाच्या चर्चसमोर काँक्रीटचा एक प्रचंड फलक उभा आहे, त्यात घंटा टांगलेल्या. तिथून खाली उतरलं की झाडांच्या मध्ये वाटीसारखा खोलगट भाग लागतो, त्या वाटीच्या तळाशी मैदान. ऑक्टोबरमध्ये वरची झाडं पिवळी आणि तांबडी झालेली असायची, त्यांच्या खाली लाल जॅकेटं घातलेली हजारो माणसं. गावाची जत्रा असावी तसं वाटायचं मला. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, कॉलेजातून चाळीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेले बुवा, सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे.

मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी क्रिकेटच्या घरातली. आजींनी बाकाच्या फळीवर थर्मास आडवा ठेवला आणि पुढे वीतभर अंतरावर आपला हातमोजा. "हा थर्मास म्हणजे चेंडू आहे ती जागा. मोज्यापर्यंत दहा यार्ड. चार प्रयत्नांत तिथवर पोचलं तर आणखी चार मिळतात. नाही पोचलं तर चेंडू त्यांचा." मग प्रत्येक खेळीनंतर त्या थर्मास सरकवायच्या. पहिला अर्धा सामना मी मैदानाकडे पाहिलंच नाही, थर्मासकडे पाहिलं. आजही तुझा सामना बघताना माझ्या डोळ्यांपुढे तो हिरवा थर्मासच सरकत असतो.

मग मी विचारलं, "तुमचा नातू कुठला?" त्यांनी बोट केलं ते मैदानाकडे नाही, कडेला. तिथे दीडशेहून जास्त पोरं लाल कपड्यांत उभी होती. मला वाटलं दोन टीमचे सगळे खेळाडू असतील. नाही, ती एकट्या सेंट जॉन्सची. त्या गर्दीत मागच्या रांगेत, हेल्मेट काखेत धरलेला, उंच, सडपातळ मुलगा. चौथ्या वर्षाला होता. चार वर्षांत मिळून खऱ्या सामन्यात तो किती खेळला असेल, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खेळ्या.

एवढी पोरं का, ते मला नंतर कळलं. तिथल्या प्रशिक्षकांनी कधी कुणाला टीममधून काढलंच नाही. जॉन गॅग्लिआर्डी त्यांचं नाव. १९५३ साली ते तिथे आले आणि मी पाहिलं तेव्हा त्यांना पन्नास वर्षं झाली होती. त्यांना कुणी 'कोच' म्हणायचं नाही, असा त्यांचाच नियम. अठरा वर्षांचं पोरही त्यांना 'जॉन' म्हणायचं. मास्तरांच्या नावापुढे 'सर' लावल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या शाळेत मी शिकलेली, मला ते ऐकून कसंतरी व्हायचं. पण त्यांच्याकडे 'नाही'ची मोठी यादीच होती आणि ती ऐकल्यावर माझं मत बदललं. सरावात शिट्टी नाही. मैदानाला शिक्षा म्हणून फेऱ्या नाहीत. पाऊस असेल, डास फार असतील, तर बाहेर सराव नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सरावात कुणी कुणाला पाडायचं नाही. आठवडाभर कुणी अंगावर जायचं नाही, टॅकल फक्त शनिवारी.

हे सगळं त्यांच्या मनात कधीपासून होतं, माहितीये? सोळाव्या वर्षापासून. कोलोरॅडोतल्या त्यांच्या शाळेचे प्रशिक्षक दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले, टीम बंद पडायची वेळ आली, तेव्हा या मुलाने सांगितलं की मी चालवतो. आणि चालवायला घेतल्यावर पहिलं काय केलं, तर ज्या ज्या गोष्टींचा त्याला स्वतःला खेळाडू म्हणून तिटकारा होता त्या बंद करून टाकल्या. त्या काळी सरावात पोरांना पाणीसुद्धा पिऊ देत नसत. याने पिऊ दिलं.

मला आवडलेली गोष्ट निराळीच आहे. आजींच्या नातवाने सांगितली. सरावाच्या सुरुवातीला त्यांचा एक 'व्यायाम' असायचा: सगळ्यांनी गवतावर उताणं पडायचं, आभाळाकडे बघायचं आणि शेजारच्याला सांगायचं, काय छान दिवस आहे. दीडशे दांडगी पोरं, पाठीवर पडलेली, एकमेकांना सांगतायत छान दिवस आहे म्हणून. मी त्या वर्षी इतकी एकटी होते की हे ऐकून मला रडू आलं. घरी येऊन मी पण गॅलरीत उताणी पडले. सांगायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून खाली जाऊन आजींना सांगितलं.

तू शाळेत फुटबॉल खेळायचं म्हणालास तेव्हा तुझ्या बाबांच्या आधी मी होकार दिला, आठवतं? आणि तुझ्या तिथल्या कोचना मी पहिलं विचारलं, की सरावात पोरं एकमेकांवर किती आदळतात. तुला तेव्हा लाज वाटली होती. पण मी बघितलं होतं की न आदळतासुद्धा टीम जिंकते. पुढे २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या आठही कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी सीझनमधल्या सरावातलं टॅकल बंद करायचं ठरवलं, तेव्हा मी ती बातमी वाचून मनात म्हटलं, आमच्या जॉनने हे केव्हाच केलं होतं.

आता सामन्यांचं. तो सीझन कसा चढत गेला, ते पायरीपायरीने सांगत बसत नाही. दर शनिवारी जिंकत होते एवढं धर. पण आठ नोव्हेंबर सांगितला पाहिजे.

त्या दिवशी बेथेलशी सामना होता, आणि एकात तीन गोष्टी होत्या. कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं, विजेतेपद त्यावर ठरणार होतं. बेथेलची टीमही तोडीस तोड होती. आणि जॉनच्या नावावर ४०८ विजय होते. कॉलेज फुटबॉलमधला तोवरचा विक्रमही तेवढाच, ग्रॅम्बलिंग कॉलेजचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा. त्यांनी तो १९४१ ते १९९७ अशी सगळी हयात घालून केलेला. आणखी एक जिंकला की जॉन सगळ्यांच्या पुढे. आठवड्यापूर्वीच त्यांना ७७ पूर्ण झाली होती. त्या वाटीसारख्या मैदानात तेरा हजारांच्या आसपास माणसं, आणि थंडी अशी की आजींच्या थर्मासातली कॉफी झाकणात ओतेपर्यंत निवायची.

सेंट जॉन्स २९, बेथेल २६. तीन गुणांचा फरक. शेवटचं घड्याळ संपत होतं तेव्हा आजींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घरी आल्यावर तिथे वळ दिसला. माणसं मैदानात धावली. मी त्या गर्दीत जॉनना शोधत होते आणि आजी काठीने दुसरीकडेच दाखवत होत्या: "तो बघ, तो बघ!" त्यांचा नातू मैदानाच्या मधोमध उड्या मारत होता. एक मिनिटही खेळला नव्हता. कपड्यांवर मातीचा एक ठिपका नाही. आणि ज्याच्या अंगावर चिखल वाळून कडक झाला होता अशा एका आडदांड मुलाने त्याला कंबरेतून उचलून घेतलं होतं.

सामन्यानंतर तो वर आला, आजींनी त्याच्या हातात सँडविच दिलं आणि दर वेळी विचारायच्या तेच विचारलं. सोहम, हे वाक्य मी वीस-बावीस वर्षं विसरून गेले होते. परवा रात्री एकदम आठवलं. त्या कधीच "खेळलास का" म्हणाल्या नाहीत. त्या विचारायच्या, "तिथून काय दिसलं?"

आणि तो सुरू व्हायचा. बेथेलचा अमका खेळाडू डावीकडे जाणार असला की आधी उजवा पाय मागे घेतो. आपला तमका आज लंगडत होता, पण त्याने कुणाला कळू दिलं नाही. ब्लेक एलियटला दोघं दोघं चिकटले होते, म्हणून दुसरी बाजू मोकळी पडत होती. (ब्लेक एलियट म्हणजे त्यांचा नावाजलेला रिसीव्हर, लांबून फेकलेला चेंडू झेलणारा, जवळच्याच मेलरोज गावचा. त्या वर्षी डिव्हिजन थ्री, म्हणजे यांच्यासारख्या लहान कॉलेजांच्या श्रेणीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि त्या पुरस्काराला नाव जॉन गॅग्लिआर्डींचंच आहे.) अर्धा तास तो बोलत राहायचा. आजी ऐकायच्या, मीही ऐकायची. मला हा खेळ कळला तो त्याच्याकडून. मैदानात खेळणारा एकही मुलगा मला तो तसा सांगू शकला नसता, कारण आत असताना एवढं दिसत नाही.

मग प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या. २८ टीम, हरलं की घरी. सेंट जॉन्स एकेक फेरी जिंकत गेलं. ओरेगॉनची लिनफिल्ड आली होती, न्यूयॉर्कमधल्या ट्रॉयची आरपीआय आली होती. डिसेंबर उजाडला आणि समोर राहिली माउंट युनियन.

माउंट युनियन म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. ओहायोतल्या अलायन्स गावचं लहानसं कॉलेज, तेव्हा लॅरी केह्रेस या प्रशिक्षकांची टीम. २००३पर्यंत सात वेळा राष्ट्रीय विजेते, त्यातली शेवटची तीन वर्षं ओळीने. सलग ५५ सामने जिंकलेले. त्याच्याही आधी सलग ५४ जिंकले होते आणि दोन्हींच्या मध्ये १९९९ मधला एकच पराभव. सेंट जॉन्सची जखम तर ताजी होती. २०००च्या अंतिम सामन्यात याच टीमने त्यांना अगदी शेवटच्या क्षणांत फील्ड गोल मारून, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून घालवून तीन गुण घेऊन, १०-७ असं हरवलं होतं. आजींचा नातू तेव्हा पहिल्या वर्षाला होता. त्याआधीचं सेंट जॉन्सचं राष्ट्रीय विजेतेपद १९७६ सालचं, म्हणजे त्या पोरांच्या जन्माआधीचं.

अंतिम सामना, स्टॅग बोल, २० डिसेंबरला व्हर्जिनियातल्या सेलमला. प्रवासाच्या यादीत मोजकीच नावं असतात, तुला माहीतच आहे. नातवाचं नाव नव्हतं. चार वर्षं रोज सरावाला गेलेला मुलगा आणि शेवटच्या सामन्याला तो आजीच्या दिवाणखान्यात, गालिच्यावर, माझ्या आणि बाबांच्या मध्ये बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना. मी दोनदा चहा करायला उठले.

सामना सुरू झाला. माउंट युनियनची टीम रांगेत उभी राहिली आणि हा हळूच म्हणाला, "आता उजवीकडे." चेंडू उजवीकडे गेला. पुढच्या खेळीला, "आता लांब टाकणार." लांब टाकला. तिसऱ्यांदा असं झाल्यावर बाबांनी विचारलं, "तुला कसं कळतं?"

तो म्हणाला, "मी आठवडाभर माउंट युनियन होतो."

तू हेच करतोस ना रे दर आठवड्याला? स्काउट टीम म्हणतात ते हेच ना? पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घ्यायचं, त्यांच्या खेळ्या पाठ करायच्या, त्यांच्यासारखं उभं राहायचं, त्यांच्यासारखं धावायचं, म्हणजे आपल्या पहिल्या अकरांना सवय होईल. मला हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. व्हर्जिनियात मैदानावर जी बचावाची फळी उभी होती, तिने आठवडाभर माउंट युनियन म्हणून पाहिलं होतं ते या पोराला आणि याच्यासारख्या दहा जणांना. तेही कुणाला न पाडता. म्हणजे पाहायचं ते फक्त पाय, खांदे, नजर.

एका क्षणी माउंट युनियन सेंट जॉन्सच्या गोलरेषेच्या दारात आली. चेंडू फेकणाऱ्या त्यांच्या क्वार्टरबॅकने हात मागे नेला आणि हा गालिच्यावरून उठला. चेंडू अजून हातातून सुटलाही नव्हता. हा उभा राहून "तिथे! तिथे!" ओरडतोय, आणि टीव्हीत सेंट जॉन्सच्या एका खेळाडूने नेमका तिथेच चेंडू हवेत पकडला आणि तो पळत सुटला. शंभर यार्ड. अख्खं मैदान. इकडे आमचा पोरगा दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पळाला आणि परत आला. आजी रडत होत्या, बाबा टाळ्या वाजवत होते, खालीवर जड बूट आपटल्यासारखा आवाज होत होता म्हणून शेजारचे बघायला आले.

२४-६. चौदा सामने, चौदा विजय. ५५ची साखळी तुटली.

जॉन २०१२ पर्यंत शिकवत राहिले आणि ४८९ विजयांवर थांबले. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे कुणाचेच नाहीत. २०१८ मध्ये ते गेले, वय ९१. ती बातमी आली तेव्हा तू शाळेत होतास आणि मी एकटीच स्वयंपाकघरात बसून होते. आजी तर त्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या. तुझ्या बारशाला त्यांनी त्या दोन ब्लँकेटांपैकी एक दिलं. तुझ्या खोलीतलं लाल-काळ्या चौकड्यांचं, कडा उसवलेलं, ते तेच.

तुला हे कधी का सांगितलं नाही, तर तू खेळायला लागलास आणि मी बदलले. तू मैदानात असावास, चेंडू तुझ्या हातात असावा, लाउडस्पीकरवर तुझं नाव यावं, असं मला वाटायला लागलं. शाळेत तसं झालंही, मग तर सवयच लागली. आजींची गोष्ट सांगायची म्हणजे बाकाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाची गोष्ट सांगायची, आणि ती तुला लागू पडावी असं मला नको होतं. मग तू कॉलेजला गेलास, मागच्या रांगेत उभा राहिलास, आणि मी दर शनिवारी तुला विचारत राहिले, खेळलास का. तू रोज पहाटे पाचला उठतोस, एक डॉलरची शिष्यवृत्ती नसताना. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी ती मिळतच नाही. त्यातून दुपारी लॅब करून पुन्हा मैदानावर जातोस, आणि मी विचारायचे काय, तर शनिवारची ती दोन मिनिटं मिळाली का. माझं चुकलं, सोहम. मला क्षमा कर.

सोडायचं की नाही, ते तू ठरव. खरंच तू ठरव. गुडघा दुखतोय, अभ्यास मागे पडतोय, मन उडालंय, यातल्या कशानेही सोडलंस तरी मी आणि बाबा दोघंही तुझ्या बाजूला आहोत. फक्त दर शनिवारी आईला "नाही" म्हणायला नको, म्हणून सोडू नकोस. ते कारण मी आजपासून काढून टाकलं आहे.

या शनिवारी मी येतेय. बाबांना सुट्टी नाही, मी एकटीच गाडी घेऊन येईन, सकाळी लवकर निघेन. तुमच्या बाकाच्या अगदी मागच्या बाजूला बसणार आहे, मधल्या स्टँडमध्ये नाही. ते ब्लँकेट घेऊन ये, थंडी आहे म्हणतात. थर्मास मी आणते.

आणि तोवर एवढं कळव, या आठवड्यात तू कोण आहेस? त्यांचा कितवा नंबर तू झाला आहेस आणि तो चेंडू घ्यायला कसा पळतो, ते मला आधी सांगून ठेव, म्हणजे तो मैदानात आला की मला ओळखता येईल. सामन्यानंतर आपण कुठेतरी बसू. तुला तिथून काय काय दिसलं, ते मला सगळं ऐकायचं आहे. मला परतायची घाई नाही.

तुझी,
आई